रात्री चावी कुणाकडे असते?

तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडबाहेरच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर, रिक्षाच्या पाठीवर एक जाहिरात दिसते. दारू सोडवा, रुग्णाला न सांगता, घरून घेऊन जाण्याची सोय. खाली मोबाइल नंबर असतो, पत्ता बहुधा नसतोच. त्या नंबरामागे कधी वर्षानुवर्षं इमानानं चाललेलं व्यसनमुक्ती केंद्र असतं, तर कधी गोडाऊनला जाळी ठोकून केलेला कोंडवाडा. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. रात्रभर मार खाल्लेल्या बायकोला सकाळी त्यातला फरक शोधत बसायला सवड नसते.

सरकारनं या केंद्रांवर लक्ष ठेवावं की नाही, हा वाद खरं तर संपलेला आहे, कारण तसा कायदा झालेला आहे. ते लक्ष कसं ठेवायचं, कुणी ठेवायचं आणि तपासायचं नेमकं काय, यावर मात्र या क्षेत्रातली माणसं एकमेकांशी हिरिरीनं भांडतात. त्यांतल्या दोन बाजू इथे समोरासमोर बसवल्या आहेत. ताई मनोरुग्णालयात समाजसेविका म्हणून नोकरी केलेल्या आणि तपासणी पथकांबरोबर फिरलेल्या. भाऊ एके काळी स्वतः दारूत बुडालेले, आता जिल्ह्याच्या गावी छोटं केंद्र चालवणारे. दोघंही रचलेली पात्रं आहेत. त्यांची भाषा आणि मुद्दे मात्र या क्षेत्रात रोज ऐकू येणारे आहेत.

भाऊ : ताई, आधी एक सांगा. माझ्याकडे येणारा माणूस वेडा असतो का?

ताई : नाही. कोण म्हणतं असं?

भाऊ : तुमचा कायदा म्हणतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७. त्याच्याखाली मला मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी करायला लावलीत. परवा एका पोराचा बाप आला. पोराचं लग्न ठरत आलेलं. म्हणाला, भाऊ, दारुडा म्हटलं तर चालेल, पण असल्या रजिस्टरात नाव नको. घेऊन गेला त्याला परत. आता तो गुत्त्यावर बसलेला असेल.

ताई : ही अडचण खरी आहे, ती मी नाकारत नाही. कायद्यानं मानसिक आजाराच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणाऱ्या मानसिक अवस्था धरल्या आहेत. पण त्या व्याख्येत बसल्यामुळे तुमच्या पेशंटला काय मिळालं, तेही बघा. त्याला साखळीनं बांधता येत नाही, कुठल्याही प्रकारे नाही. त्याचं डोकं सक्तीनं भादरता येत नाही. त्याच्याकडून सक्तीनं काम करून घेता येत नाही, आणि त्यानं आपणहून केलं तर मोबदला द्यावा लागतो. हे सगळं कलम २० आणि ९५ मध्ये स्पष्ट लिहिलंय. व्याख्येच्या बाहेर राहिला असता तर तो तुमच्या हॉलमधला कोण झाला असता?

भाऊ : आम्ही कुणाचं डोकं भादरत नाही.

ताई : तुम्ही नाही भादरत. पण कुणी तरी भादरत होतं, म्हणूनच ते कायद्यात लिहावं लागलं. साखळीचंही तसंच. तमिळनाडूतलं एरवाडी विसरलात का?

भाऊ : ते दर्ग्याजवळचं ना?

ताई : हो. रामनाथपुरम जिल्हा. ६ ऑगस्ट २००१. पहाटे झापांच्या शेडला आग लागली. आत ठेवलेली माणसं खाटांना आणि खांबांना साखळीनं बांधलेली. ज्यांचे पाय मोकळे होते ते पळाले, बाकीचे जागच्या जागी जळाले. २८ माणसं गेली. सर्वोच्च न्यायालयानं वर्तमानपत्रातल्या बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली आणि राज्यांना अशा जागा शोधायला लावल्या. म्हणून मी कुठल्याही केंद्रात गेले की एक प्रश्न हटकून विचारते : रात्री चावी कुणाकडे असते? मालकाकडे म्हणाले आणि मालक तीन किलोमीटरवर राहत असला, तर पुढचं काही बघायची गरजच नसते.

भाऊ : आमच्याकडे रात्रपाळीचा मुलगा हॉलमध्येच झोपतो. चावी त्याच्या कमरेला.

ताई : आणि तो स्वतः तिथेच बरा झालेला पेशंट असतो, हो ना?

भाऊ : असतो. त्यात काय चुकलं?

इथे या वादातली खरी गाठ आहे. व्यसनमुक्तीच्या कामात बरा झालेला माणूसच पुढच्याला हात देतो, ही परंपरा अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसपासून चालत आली. पुण्यात येरवड्याला १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या देणगीतून मुक्तांगण उभं केलं, तिथेही व्यसनातून बाहेर आलेली माणसं कार्यकर्ते झाली, समुपदेशक झाली. महाराष्ट्रात गावोगावी जी लहान केंद्रं निघाली, ती पुष्कळदा अशाच कुणी तरी सोबर झालेल्या माणसानं काढलेली आहेत. ती शक्ती नाकारता येत नाही. पण अनुभव ही पात्रता मानली, की तिला मर्यादा कुठे घालायची हेही ठरवावं लागतं.

ताई : चूक काही नाही, पण फक्त तोच असेल तर आहे. भाऊ, तुम्ही स्वतः यातून गेलाय, म्हणून सरळ विचारते. रोज पिणारा माणूस तुमच्याकडे आला, दारू एकाएकी बंद झाली. पहिल्या दोन दिवसांत काय होतं?

भाऊ : हात थरथरतात. घाम फुटतो. झोप नाही. कुणाला फिट येते.

ताई : आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी?

भाऊ : काहींना भास होतात. भिंतीवर किडे दिसतात. कुणी मारायला आलंय म्हणून ओरडतात. मलाही झालं होतं. मला खाटेला धरून ठेवायला चार माणसं लागली होती.

ताई : ताप चढतो, नाडी पळते, आणि औषध मिळालं नाही तर माणूस जातो. डेलिरियम ट्रेमेन्स. गर्दवाल्यांची टर्की, म्हणजे गर्द एकाएकी तुटल्यावरचा त्रास, दिसायला भयंकर, पण ती सहसा जीव घेत नाही, दारूची घेते. आणि औषध काही महागडं नाही. लोराझेपाम किंवा क्लोरडायझेपॉक्साइड, लिव्हर बघून ठरवलेली मात्रा, रोज थोडी थोडी कमी करत आणायची. थायमिनचं इंजेक्शन, तेही ग्लुकोजच्या आधी. घाईघाईनं नुसती ग्लुकोजची सलाइन चढवली तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. हे रात्रपाळीच्या मुलानं ठरवायचं? एका केंद्रात मी औषधांचा डबा उघडून बघितला. गोळ्यांची एकच पट्टी, सगळ्यांना रात्री एक-एक गोळी. कुणाच्या नावावर चिठ्ठी नाही. चिठ्ठीशिवाय देता येत नाहीत असल्या त्या गोळ्या. विचारलं तर म्हणाले, झोप लागते मॅडम, शांत राहतात.

भाऊ : ते चूकच. पण माझं ऐका. डॉक्टर पाहिजे, मानसोपचारतज्ज्ञ पाहिजे, मान्य. कुठून आणू? आमच्या तालुक्यात मानसोपचारतज्ज्ञ नाही. जिल्ह्याला आहेत ते आठवड्यातून एकदा यायला तयार झाले, कारण ते माझे जुने डॉक्टर. रात्री दोनला फिट आली तर मी ग्रामीण रुग्णालयात नेतो. तिथे दारुडा म्हटल्यावर खाट मिळत नाही. बाकावर बसवतात. पेशंट तिथून पळाला तर दोष माझा. तुम्ही मला हॉस्पिटल व्हा म्हणता, आणि खरं हॉस्पिटल दारुड्याला दारात उभं करत नाही. सांगा, मी काय करू?

ताई : हे तुम्ही लिहून कुठे दिलंत?

भाऊ : लिहून दिलं म्हणजे तपासणी माझ्याकडेच येते.

ताई : असं नका म्हणू.

भाऊ : खरं तेच सांगतो. आमच्याकडची तपासणी कशी असते ऐका. आठ दिवस आधी पत्र येतं. चुना मारा, चादरी धुऊन घ्या, फाइल लावा. साहेब येतात. फायर एनओसी, बांधकाम परवाना, अन्न परवाना, दवाखान्याच्या कचऱ्याचा करार. खाटांमधलं अंतर टेपनं मोजतात. मोजा, माझी हरकत नाही. पण पेशंटशी बोला म्हटलं की घड्याळ बघतात, पुढच्या दोन जागा उरकायच्या असतात. आणि नोंदणी केली म्हणून माझं नाव यादीत, यादीत म्हणून माझ्याकडे येतात. हायवेवर ढाब्याच्या मागे एकानं विनानोंदणी पन्नास माणसं कोंबलीत. त्याच्याकडे कुणी जात नाही, कारण तो यादीतच नाही. प्रामाणिकपणाची शिक्षा आहे ही.

भाऊंचा हा मुद्दा मला सगळ्यांत वजनदार वाटतो. देखरेखीचा सगळा भार नोंदणी केलेल्यांवर पडला, तर नोंदणी न करणं हाच शहाणपणा ठरतो. कायद्यात विनानोंदणी केंद्र चालवल्यास पहिल्या वेळी पाच हजार ते पन्नास हजार, दुसऱ्या वेळी पन्नास हजार ते दोन लाख आणि त्यापुढे दर वेळी पाच लाखांपर्यंत दंड आहे. पन्नास माणसं कोंबणाऱ्याचा पहिला दंड चार-सहा पेशंटच्या महिन्याच्या फीत भागतो. उलट, नोंदणी नसल्याचा संशय आला तर आत जाऊन झडती घेण्याचा अधिकार राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला कलम ६८ नंच दिलेला आहे. तो वापरला जात नाही, हे दुखणं आहे.

ताई : तुमचं म्हणणं मान्य, टेपनं मोजणारी तपासणी अपुरी आहे. पण त्यावरून तपासणीच नको, असं होत नाही. मी गेले की आधी स्वयंपाकघरात जाते. ताटं मोजते. धुऊन ठेवलेली ताटं बेचाळीस आणि रजिस्टरात नावं अठ्ठावीस, असं झालं की उरलेली चौदा माणसं कुठे आहेत, एवढाच प्रश्न उरतो. मग वजनाची वही मागते. पिणं सुटलेल्या माणसाचं वजन पहिल्या महिन्यात वाढायला हवं. वहीच नसेल किंवा सगळ्यांचं वजन एकाच पेनानं, एकाच दिवशी लिहिलेलं असेल, तर कळतं. मग दार बघते. कडी आतून आहे का बाहेरून. शेवटी पेशंटशी बोलते, पण तिथेच गाडं अडतं. वॉर्डन पाठीमागे उभा असतो. कसं वाटतं इथे? छान वाटतं मॅडम. सगळ्यांचं तेच उत्तर, एका सुरात. त्यांना गच्चीवर नेलं, वॉर्डनला खाली ठेवलं, की पाचव्या मिनिटाला एखादा शर्ट वर करून पाठ दाखवतो.

भाऊ : असं असतं, मीही ऐकलंय. पिकअपच्या पोरांनी मारलेलं असतं.

ताई : पिकअप म्हणजे काय, वाचकांना कळायला हवं.

भाऊ : घरच्यांचा फोन येतो. गाडी जाते, चार-पाच पोरं. झोपेत असतो नाही तर चढलेली असते. उचलायचं, गाडीत घालायचं. कधी हात बांधतात. मला असंच नेलं होतं. मी त्या पोरांना आईवरून शिव्या दिल्या. आणि ताई, नेलं नसतं तर मी आज नसतो. माझ्या बायकोला तुमचा संमतीचा फॉर्म दिला असता, तर माझी सही मिळायची वाट बघत ती विधवा झाली असती. तुम्ही हक्क म्हणता. त्या पोरीच्या हक्काचं काय?

ताई : तिचा हक्क कायद्यानं विसरलेला नाही. कलम ८९ वाचा. पेशंट स्वतः निर्णय घेण्याच्या स्थितीत नसेल, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याचा धोका असेल, तर नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर त्याच्या संमतीशिवाय दाखल करता येतं. अट एवढीच, की दोन जणांनी, त्यांतला एक मानसोपचारतज्ज्ञ, गेल्या सात दिवसांत त्याला स्वतंत्रपणे तपासलेलं हवं. मुदत तीस दिवस. आणि सात दिवसांच्या आत पुनरावलोकन मंडळाला कळवायचं. पेशंट बाई असेल तर तीन दिवसांत. यात गाडी आणि चार पोरं कुठेच बसत नाहीत. बायको अर्ज करू शकते, बायको गुंड भाड्यानं घेऊ शकत नाही.

भाऊ : आणि ते मंडळ कुठे आहे?

ताई : असायला हवं.

भाऊ : म्हणजे कागदावर. आठवतंय ना, कायदा अमलात आला २९ मे २०१८ ला. त्यानंतर या कायद्याची अंमलबजावणी व्हावी म्हणून मुंबईच्या डॉ. हरीश शेट्टी यांना उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. सरकारला कोर्टानं ढकलावं लागतं, आणि मला मात्र सात दिवसांत कळवायचंय.

ताई : कळवा तरीही. पोच घेऊन ठेवा. उद्या काही झालं तर तुमच्याकडे कागद असेल, आणि त्या माणसाचं नाव तुमच्या चार भिंतींबाहेर कुठे तरी गेलेलं असेल. देखरेखीचा माझ्या मते हाच अर्थ आहे. आतल्या माणसाचा पत्ता बाहेर कुणाला तरी ठाऊक असणं.

भाऊ : तीस दिवसांत दारू सुटत नाही ताई. आमचा कोर्स तीन महिन्यांचा.

ताई : मग तीस दिवसांनंतर त्याला विचारा, राहतोस का? तो राहतो म्हणाला तर तो स्वतंत्र रुग्ण झाला, आणि मग जातो म्हणाला तर त्याला जाऊ द्यावं लागतं. डॉक्टरांना शंका वाटली तर तपासणीसाठी जास्तीत जास्त चोवीस तास थांबवता येतं. त्याचं मन अजून ठिकाणावर नसेल, तर दोन मानसोपचारतज्ज्ञांचा दाखला आणि मंडळाची परवानगी. पण दाराला कुलूप आणि रजिस्टरात ‘स्वखुशीने’, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

भाऊ : आणि फोन? पहिल्या आठवड्यात फोन दिला की पहिला फोन गुत्त्यावरच्या मित्राला जातो. खिडकीतून क्वार्टर आत येते. पाहिलंय मी.

ताई : फोनच्या वेळा तुम्ही ठरवा, केंद्राचे नियम कायद्याला मान्य आहेत. पण मंडळाचे सदस्य, न्यायाधीश, वकील, त्याचा प्रतिनिधी, अगदी आमदार-खासदारसुद्धा, यांच्याशी होणारा संपर्क कुठल्याही नियमानं तोडता येत नाही. कलम २६. हे नंबर हॉलमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. गुत्त्यावरच्या मित्राचा नंबर त्यात नाही.

भाऊ थोडे गप्प राहतात. मग आवाज खाली आणून बोलतात, आणि इथून पुढे संवादाचा सूर बदलतो.

भाऊ : ताई, मला तपासणीची भीती नाही. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. दारूच्या बाटलीवरचा कर सरकार घेतं. तीच बाटली सोडवायला खाट मागितली तर सरकारकडे नसते. खाजगीत जावं तर हजारो रुपये. मग माणसं माझ्याकडे येतात, नाही तर त्या ढाब्यामागे जातात. आधी खाटा वाढवा, मग माझी मोजा.

ताई : यावर आपलं भांडण नाही. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सनं केलेल्या आणि २०१९ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी पाहणीत निघालं, की दारूसाठी मदतीची गरज असलेली माणसं पाच कोटींच्या वर आहेत. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या अडतीस माणसांत एकालाच कसला तरी उपचार मिळाला, आणि दाखल होऊन उपचार मिळाला तो एकशेऐंशींत एकाला. उरलेल्यांच्या घरच्यांना कुणी तरी उचलून नेणारा हवाच असतो. ढाब्यामागचा धंदा त्या उरलेल्यांवर चालतो.

भाऊ : मग माझी मागणी ऐका. पंजाबनं २०११ मध्ये व्यसनमुक्तीसाठी वेगळे नियम केले. दारू उतरवण्याचा उपचार वेगळा, पुनर्वसन वेगळं. आपल्याकडेही तसं धरा. पहिले दहा दिवस हॉस्पिटलचं काम, ते हॉस्पिटलनं करावं, सरकारी हॉस्पिटलनं खाट राखून ठेवावी. त्यानंतर माझं काम सुरू होतं. सकाळी उठवणं, झाडून घेणं, मीटिंग, शेअरिंग, जेवण, पुन्हा मीटिंग. त्याला मानसोपचारतज्ज्ञाची रोज गरज नाही, माणसाची असते.

ताई : अमेरिकेत असं आहे. मेरीलँडमध्ये १९७५ ला ऑक्सफर्ड हाउस सुरू झालं. दारू सुटलेली माणसं एकत्र घर भाड्यानं घेतात, भाडं आपापसांत वाटून देतात, घर स्वतःच चालवतात. प्यायला तर बाकीच्यांनी मत देऊन बाहेर काढायचं. पगारी वॉर्डन नाही. अशी हजारो घरं झाली.

भाऊ : हेच तर मी म्हणतोय!

ताई : पुढचं ऐका. त्याच अमेरिकेत, अ‍ॅरिझोनात, २०२३ मध्ये उघडकीला आलं, की सोबर लिव्हिंगच्या नावाखाली बोगस घरं चालत होती. आदिवासी माणसांना, नवाहो लोकांना, गाड्यांत भरून आणायचं, त्यांच्या नावानं सरकारी विम्यातून उपचाराची बिलं उकळायची आणि उपचार काहीच द्यायचे नाहीत. काही घरांत दारू आणि ड्रग्जसुद्धा मिळत होती. तिथल्या सरकारनं पैसे थांबवले, तेव्हा माणसं रस्त्यावर आली. घरी परतायला तिकिटाचे पैसे नाहीत. नवाहो नेशनला स्वतः पथकं पाठवून माणसं शोधून आणावी लागली. म्हणजे हलके नियम चालतात, पण सरकारी पैसा जिथे जातो आणि जिथे माणसाला मनासारखं उठून जाता येत नाही, तिथे नजर हलकी करून चालत नाही.

भाऊ : गाड्यांत भरून. तिथेही पिकअपच.

ताई : तिथेही.

भाऊ : मग मला एवढंच सांगा, तपासायला कोण येणार? पुन्हा तेच टेपवाले?

ताई : कायद्यात दर तीन वर्षांनी प्रत्येक नोंदणीकृत केंद्राचं ऑडिट आहे, आणि त्यात स्थानिक समाजाचे प्रतिनिधी घेण्याची सोय आहे. मला वाटतं, त्या पथकात दारू सुटलेला एक माणूस हवा आणि दारुड्याची एक बायको हवी. तुमच्यासारखा माणूस दुसऱ्याच्या केंद्रात गेला, की त्याला पाच मिनिटांत कळेल. पेशंट त्याच्याशी जे बोलेल ते माझ्याशी कधीच बोलणार नाही.

भाऊ : मला दुसऱ्याच्या केंद्रात आत घेतील?

ताई : प्राधिकरणाचं पत्र हातात असेल तर घ्यावंच लागेल. आणि तुमच्या केंद्रात दुसरा कुणी येईल. न सांगता.

भाऊ : रात्री?

ताई : रात्रीच.

भाऊ : या. चहा मिळेल, फाइल मिळेल, आणि वॉर्डन खाली थांबेल. पण त्याच गाडीनं आधी ढाब्यामागे जाऊन या.

दोघांचं एवढ्यावर जुळलं. माझं मत या संवादात लपलेलं नाही, तरी स्पष्ट सांगतो. ज्या जागी दार बाहेरून बंद होतं किंवा दारू उतरवण्याचा उपचार चालतो, ती जागा इस्पितळाच्या नियमांनीच चालली पाहिजे आणि तिथे न कळवता तपासणी झाली पाहिजे. जिथे दार उघडं आहे, माणूस सोबर आहे आणि स्वतःच्या पायानं आलेला आहे, त्या छोट्या घरावर कागदांचा डोंगर लादू नये. तिथे नोंदणी, आगीपासून सुरक्षितता आणि वर्षातून एक भेट पुरे. तात्पुरत्या नोंदणीची आजची पद्धत मात्र बदलायला हवी. कायदा सांगतो, अर्ज केल्यापासून दहा दिवसांत, कुठलीही चौकशी न करता, बारा महिन्यांचं तात्पुरतं प्रमाणपत्र द्यायचं. भिंतीवर ते फ्रेम करून लावलं, की घरच्यांना वाटतं सरकारनं जागा पाहिली. सरकारनं ती पाहिलेलीच नसते. त्या प्रमाणपत्रावर निदान ‘तपासणी झालेली नाही’ एवढे शब्द ठळक छापावेत.

आणि घरच्यांना एक विनंती. सही करण्याआधी एकदा संध्याकाळी स्वतः जाऊन हॉल बघा, ऑफिस बघून परत येऊ नका. नोंदणीच्या कागदावरची तारीख वाचा. डॉक्टरांचं नाव आणि त्यांचा येण्याचा वार विचारा. पहिला फोन कितव्या दिवशी मिळेल ते लिहून घ्या. रात्री चावी कुणाकडे असते, तेही विचारा. उत्तर द्यायला जो अडखळेल त्याच्या हाती आपला माणूस देऊ नका. काय करावं सुचत नसेल तर १४४४६ ही केंद्र सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन टोल-फ्री आहे.

तुमच्या गल्लीत, तुमच्या हायवेवर अशी एखादी जागा असेल आणि रात्री आतून ओरडणं ऐकू येत असेल, तर राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाला साध्या कागदावर तक्रार लिहा. कलम ६८ प्रमाणे ही तक्रार कुणीही करू शकतो. पेशंटचा नातेवाईक असण्याची अट कायद्यात नाही.